केराबाईचा अर्धा विंचू

विलमट साहेबाच्या पुस्तकात मी आहे. पान एकोणचाळीस. ‘तेलकट हसणारा, बोटं चोळत बोलणारा पंडित’ असं लिहिलंय त्या नालायकानं. तीन वर्षं मी त्याला मराठी शिकवली. ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ यातला फरक त्याच्या टाळक्यात घालता घालता माझं टाळकं पांढरं झालं, आणि शेवटी हे बक्षीस. अजून ते पान निघालं की माझ्या कानशिलाची शीर उडते.

पण मी सांगायला बसलोय ते माझ्याबद्दल नाही, केराबाईबद्दल. माझा राग आधी बाहेर येतो त्याला माझा इलाज नाही. लोक मला गुंडोपंत मुनशी म्हणून ओळखतात. केराबाईला आता कोणी ओळखत नाही, म्हणून सांगतो.

भवानी पेठेत चनबसप्पाचं आवार होतं. पुढं त्याचं घोंगड्यांचं दुकान आणि दुकानाचा कट्टा. मधे दोन खोल्या, एकीत मी, दुसरीत तेलुगू विणकरीण कमलम्मा आणि तिचा हातमाग. मागं विहीर, शेरडांचा गोठा आणि गोठ्याला टेकून केराबाईचं छप्पर. ती मूळची मंगळवेढ्याकडची धनगरीण. अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत नवरा गेला तेव्हा अंबू दोन वर्षांची होती. दिराशी पाट लाव म्हणून सासरच्यांनी लई मागं लागून पाहिलं. ही एके सकाळी पाच शेरडं आणि पोरगी घेऊन निघाली ती थेट सोलापुरात. चनबसप्पासाठी लोकर कातायची, आणि सकाळ-संध्याकाळ दारोदार दूध घालायची.

दूध घालायची म्हणजे कसं, तर भांड्यातनं आणून नाही. शेरडू गिऱ्हाइकाच्या दारात उभं करायचं आणि डोळ्यांदेखत धार काढायची. पाणी घातलं असं कोणी म्हणायला जागा नको. एकदा एका वकिलाच्या बायकोनं दूध पातळ लागतंय असं म्हटलं. केराबाईनं भरलेली चरवी तिथंच पायरीवर पालथी केली आणि शेरडू घेऊन निघून आली. वकिलीणबाईंनी दोनदा माणूस धाडला, पण ही त्या गल्लीत पुन्हा फिरकली नाही. तिच्या तोंडचं बोलणं आणि तिच्या हातचं दूध, दोन्ही एकसारखं होतं. त्याच्यात काही मिसळलेलं नसायचं.

विलमट साहेब सरकारी इंजिनिअर होता. सव्वीस-सत्तावीसचा असेल. सात रस्त्याच्या पलीकडं त्याचा बंगला होता. मराठीची परीक्षा पास झाल्याशिवाय त्याची बढती होणार नव्हती, म्हणून मला बोलावलं. त्याचं पोट कायम बिघडलेलं. डॉक्टरनं सांगितलं, शेळीचं दूध घ्या, ताजं. मी म्हटलं, आमच्या आवारात एक बाई आहे. मीच नेली तिला. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढं तुम्ही म्हणाल मुनशी लपवतोय.

रोज सकाळी व्हरांड्यात माझी शिकवणी चालायची आणि पायरीवर केराबाई उकिडवी बसून धार काढायची. साहेब प्रत्येक गोष्टीला शब्द विचारायचा. कास म्हणजे काय, धार म्हणजे काय, हिच्या हनुवटीवर हे निळं काय आहे. मी म्हणालो, गोंदण. हनुवटीवर तीन ठिपके, कपाळावर एक, हातावर तुळस. त्यानं ते सगळं वहीत उतरवून घेतलं. डोळे मात्र वहीवर नव्हते.

त्याच्याकडं एक कपाट भरून कादंबऱ्या होत्या. इंग्रजी सुधारेल म्हणून मला एकेक वाचायला द्यायचा. आठ-दहा मी वाचल्या. सगळ्यांत तेच. गरम देश, एकटा साहेब, आणि कोणी एक काळी बाई आपणहून त्याच्याकडं येते. ती हसते, नाचते, अंगाला तिच्या कसला तरी वास असतो, लाज नावाची चीज तिला ठाऊक नसते. शेवटाला ती मरते. कशानंही मरते, सापानं, विषानं, तळ्यात उडी टाकून. मरावंच लागतं तिला, कारण साहेबाला विलायतेला जाऊन गोऱ्या मुलीशी लग्न करायचं असतं. वाचताना मला राग यायचा. आणि वाचायचा थांबत नव्हतो, हेही खरं.

आता लाजेची गोष्ट सांगतो. चार वर्षं केराबाई माझ्या खोलीच्या मागं राहत होती आणि मला ती कधी बाई म्हणून दिसली नव्हती. शेरडंवाली, एवढंच. ती पुस्तकं वाचल्यावर दिसायला लागली. माझं कुटुंब अक्कलकोटला माझ्या आईपाशी असायचं. माझ्या खोलीला मागच्या अंगाला खिडकी होती. विहिरीपाशी बायकांनी अंघोळीच्या दगडाभोवती तरट बांधलं होतं, आणि तरटाला खिडकीच्या बाजूनं एक भोक होतं. भोक मी पाडलं नव्हतं, इतकं सांगतो. त्यातनं मला केराबाईच्या डाव्या मांडीवरचा विंचू दिसला. गुडघ्याच्या वर वीतभर, गोंदलेला. एका अंगाला चार पाय, दुसऱ्या अंगाला एकच. नांगीही नव्हती. अर्धाच राहिलेला.

एके दिवशी साहेबानं विचारलं, हातातोंडाशिवाय आणखी कुठं गोंदतात का तुमच्या बायका. मी सांगितलं. कुठं ते सांगितलं, किती पाय ते सांगितलं. तोवर मी त्याच्यासमोर तिपाईवर बसत असे. त्या दिवशी त्यानं उठून स्वतःच्या हातानं वेताची खुर्ची माझ्याकडं सरकवली आणि मला चहा ओतला. त्या खुर्चीत बसून मी बोलत सुटलो. पाहिलेलं सांगितलं, न पाहिलेलं सांगितलं. या लोकरीवाल्या बायका कशा गरम असतात, पुरुष कसा आपणच निवडतात, हे आमच्या देशाचे रीतिरिवाज म्हणून सांगितले. कुठले रीतिरिवाज, डोंबल. त्याच्याच कपाटातलं त्याला मराठीतनं परत करत होतो. तो वही भरत होता.

मग त्याच्या डोक्यात आलं की या बाईनं बंगल्यातच राहावं. आत. कामाला म्हणून. मी केराबाईला विचारलं. तिनं धार थांबवली नाही, वर बघितलं नाही.

“सायबाला सांगा,” ती म्हणाली, “दूध शेरडाचं हाय, माजं न्हाय.”

मी साहेबाला इंग्रजीत सांगितलं की ती लाजतेय, थोडे दिवस जाऊ द्या. त्यानं दोन दिवस जाऊ दिले. तिसऱ्या दिवशी चरवी घ्यायच्या निमित्तानं तिचं मनगट धरलं. केराबाईनं चरवी त्याच्या बुटांवर ओतली, मनगट सोडवलं आणि शेरडाची दोरी धरून फाटकातनं बाहेर पडली. आरडाओरडा नाही, शिवी नाही. मी तिथंच खुर्चीत होतो. मी उठलो आणि बूट पुसायला फडकं आणून दिलं.

बंगला का सुटला हे तिनं कुणाला सांगितलं नाही. पोरगी लग्नाची होत होती, तोंडातनं एक अक्षर निघालं तर लोक उरलेली शंभर आपली घालतात हे तिला कळत होतं. साहेब परीक्षा पास झाला, एकोणतीस साली बदलून गेला, पुढं विलायतेला गेला. मला वाटलं, संपलं.

पुस्तक आलं ते एकतीस सालच्या फाल्गुनात. चळवळ चिरडायला सरकारनं गावात लावलेला मार्शल लॉ उठून वर्ष व्हायचं होतं. गोऱ्या माणसाचं नाव काढलं की पेठेतल्या माणसांच्या मुठी वळायच्या, आणि मारायला गोरा तर कुणाच्या हाती लागत नव्हता. इकडं केराबाईच्या छपरात मात्र आनंद मावत नव्हता. अंबूचं लग्न ठरलं होतं. सांगोल्याकडच्या धुळाबाचा मुलगा, घरी दीडशे मेंढरं, माणसं चांगली. सुपारी फुटली होती, अक्षय तृतीयेचा मुहूर्त धरला होता. केराबाई जावयासाठी स्वतः कातलेल्या काळ्या लोकरीचं घोंगडं करत होती. कमलम्माच्या दारात बसून सूत लावता लावता गाणं म्हणायची. गाणं म्हणताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं. पंधरा वर्षांत त्या बाईनं देवाकडं काही मागितलं असेल तर पोरगी चांगल्या घरी नांदावी, एवढंच.

पार्सलावर विलायतेची तिकिटं. पोस्टमन कट्ट्यावर देऊन गेला, सगळ्यांनी पाहिलं. आत साहेबाच्या अक्षरात ‘माझ्या पंडितास, ज्याच्यावाचून हे झाले नसते’ असं लिहिलेलं. मी फुगलो. का फुगू नये? सोलापूरचं पुस्तक लंडनात छापलं होतं, आणि त्यात माझा वाटा होता. चनबसप्पा म्हणाला, मास्तर, वाचून दाखवा की. मग रोज दिवेलागणीला कट्ट्यावर एकेक प्रकरण मी मराठीत करून सांगायला लागलो. आधी स्वतः वाचून घ्यावं एवढी अक्कल मला सुचली नाही.

तिसऱ्या दिवशी पान एकोणचाळीस आलं. तेलकट हसू, बोटं चोळणं, दोन वाक्यं मी मोठ्यानं सांगून बसलो आणि मग कळलं हा कोण. कट्ट्यालाही कळलं. चनबसप्पाला हसता हसता ठसका लागला. म्हणाला, “मास्तर, ह्यो तुमीच की हो.” दुसऱ्या दिवशी पेठेत मी दिसलो की माणसं माझ्याकडं बघून बोटं चोळायला लागली. पानाच्या दुकानात, देवळाच्या पायरीवर, जिथं जावं तिथं. ज्या गावात मला लोक वाकून नमस्कार करत होते तिथं मी सोंग झालो.

त्या दिवशी खोलीचं दार लावून मी पुस्तक शेवटपर्यंत वाचलं. केराबाई त्यात होती. नावसुद्धा बदललं नव्हतं त्या आळशानं, नुसतं ‘केरा’. रंग मात्र बदलला होता. खरी केराबाई निमगोरी, उन्हानं भाजलेल्या साहेबाच्या मानेपेक्षा उजळ. पुस्तकातली केरा काळीकुट्ट, तिच्या शेरडांसारखी रानटी. ती आपण होऊन व्हरांड्याच्या पायऱ्या चढून येते. खरीनं बुटांवर दूध ओतलं होतं, पुस्तकातली दुधानं साहेबाचे पाय धुते. शेवटी ती एकरुखच्या तळ्यात जीव देते आणि साहेब आगबोटीत बसतो. आणि पान एकशेबारावर तो विंचू होता. डावी मांडी, एका अंगाला चार पाय, दुसऱ्याला एक. माझेच शब्द, नुसते इंग्रजीत.

संध्याकाळी कट्टा भरलेला होता. सगळे पंडिताचं पुढं काय होतं ते ऐकायला आलेले. मला ते हसू माझ्या अंगावरनं काढायचं होतं. बस, एवढंच. केराबाईचं वाईट करायचं माझ्या मनात नव्हतं, तिचा विचारच माझ्या मनात नव्हता. मी म्हणालो, पंडिताचं सोडा, खरी मजा पुढं आहे, आणि पान एकशेबारा काढलं. चांगली भाषा वापरून सांगितलं. मराठी माझी चांगलीच आहे.

हसू थांबलं. शेरडं, दूध, केरा नाव, अशी कुजबुज झाली, तरी कोणी म्हणालं साहेबानं बसून रचलं असेल. मग चनबसप्पानं विंचू कुठल्या पायावर ते पुन्हा विचारलं. कमलम्मा दारात बॉबिन भरत बसली होती. विहिरीवर दोघी एकत्र अंघोळ करायच्या. ती मान वर न करता म्हणाली, “डाव्या पायाला. अर्धाच हाय तो.” तिच्या मनात काही नव्हतं. बोलून गेली आणि मग तिनं तोंडावर हात ठेवला.

चार दिवसांत सगळ्या पेठेत झालं. ज्यांना गोरा हाती लागला नव्हता त्यांना केराबाई लागली. तिच्या शेरडाच्या गळ्यात कोणी फाटक्या वहाणा बांधल्या. गिऱ्हाइकांनी दूध बंद केलं. ‘सायबीण’ म्हणून माणसं मागनं हाका मारायची, आणि त्यात देशासाठी तुरुंगात जाऊन आलेले दोघं होते. आणि ऐका, माझ्याकडं बघून बोटं चोळायचं सगळ्यांनी सोडलं. मला पुन्हा नमस्कार सुरू झाले.

सांगोल्याहून निरोप आला की धुळाबा पंच घेऊन येतोय. त्याच्या आदल्या दुपारी केराबाई माझ्या दारात आली. उंबऱ्याबाहेर उभी राहिली. पुस्तक समोर टेबलावर होतं, त्याच्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, साहेबाला तिनं गुडघाही दाखवला नव्हता. आवारातल्या बायकांत साहेबाला ओळखणारी तिच्याशिवाय दुसरी नव्हती. मग तिनं माझ्या खिडकीकडं बोट केलं.

“तरटाचं भोक म्या दोनदा शिवलं, मास्तर. दोनदा उसवलं कुणीतरी. तवा म्या गप बसले. आता पंचाम्होरं येवढंच बोला, सायबाला तुमी सांगितलं म्हणून. माज्या पोरीचं लगीन हाय. दुसरं काय मागत न्हाय तुमास्नी.”

मी म्हणालो, बघू.

पंच गोठ्यापुढं बसले. धुळाबा आणि चौघं म्हातारे. मला खुर्ची दिली. त्यांनी विचारलं, पुस्तकात तसं लिहिलंय का. मी म्हणालो, लिहिलंय. कुणी लिहिलं. साहेबानं. मग केराबाई उभी राहिली आणि म्हणाली, साहेबाला कसं कळलं ते मास्तरांना विचारा. सगळ्यांची तोंडं माझ्याकडं वळली. माझ्या डोळ्यांपुढं काय काय आलं ते सांगतो. शाळेत मास्तरकी मिळायची होती. अक्कलकोटला आई होती, बायको होती. बायकांच्या अंघोळीच्या तरटातनं बघणारा माणूस म्हणून पेठेत राहायचं म्हणजे बोटं चोळणं परवडलं.

मी म्हणालो, “मी साहेबाला मराठी शिकवली. बायका नाही शिकवल्या.”

म्हातारे हसले. धुळाबाही हसला. चांगलं बोललो असं मला त्या क्षणी वाटलं, हे मी लपवत नाही.

केराबाई हसू थांबेपर्यंत उभी राहिली. मग तिनं विंचवाचं सांगितलं. आठ वर्षांची असताना तिच्या भावाला विंचू चावला आणि तो सकाळपर्यंत गेला. हिला तरी विंचू शिवू नये म्हणून आईनं कोरवीण बोलावून विंचू गोंदायला लावला. सुया टोचायला लागल्यावर ही लाथा झाडून पळाली ती पुन्हा हाती आली नाही, म्हणून अर्धा. ते तिच्या आईनं काढलं होतं, साहेबासाठी नव्हे. पंचांनी ऐकून घेतलं. मग आपसांत बोलले आणि धुळाबानं निकाल सांगितला. ती खूण डाग देऊन जाळायची. लग्नात मांडवाखाली आईनं यायचं नाही, पुढं लेकीच्या दारात पाऊल ठेवायचं नाही. हे कबूल नसेल तर सुपारी परत.

केराबाईनं एकच विचारलं, मग पोरीला नांदवशीला का. धुळाबा म्हणाला, नांदवीन.

आजारी मेंढराला डाग देतात तसा तिनं आपला विळा आपणच चुलीत तापवला. कमलम्माला पाय धरायला आत घेतलं. मी माझ्या खोलीत जाऊन बसलो. आवाज आला नाही. वास मात्र आला, खिडकी लावली तरी आला. कमलम्मा बाहेर येऊन विहिरीच्या कडेला ओकली. पंचांबरोबर आलेली एक बाई, धुळाबाची बहीण, आत जाऊन बघून आली आणि म्हणाली की गेला, काही दिसत नाही.

लग्न झालं, ठरल्या दिवशी. केराबाई गोठ्यात बसून होती. तिच्या हातचं घोंगडं त्या माणसांनी घेतलं नसतं, म्हणून चनबसप्पानं दुकानातलं म्हणून दिलं. त्याला वाईट वाटत होतं, त्याच्या परीनं. वरात निघताना अंबू गोठ्यावरनं गेली आणि तिनं मान वळवली नाही. पंधरा वर्षांची पोर, तिला सासरच्यांनी जे सांगितलं ते तिनं धरलं. आई साहेबाची होती, आणि आईपायी आपलं लग्न मोडत होतं.

पाच वर्षं गेली. डाग चिघळला, भरला, पुन्हा चिघळला. पाय ओढत चालायची. विजापूर वेशीतलं एक मुसलमान घर तेवढं तिचं दूध घेत राहिलं. त्या दारात ती अजून डोळ्यांदेखतच धार काढायची. मला मास्तरकी मिळाली. खिडकीला मी आतनं फळी ठोकली. केराबाई माझ्याशी भांडली नाही कधी, बोललीच नाही. त्याचाच मला राग यायचा. चार शिव्या दिल्या असत्या तर मी दोन परत दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो.

छत्तीसच्या पावसाळ्यात तिला ताप भरला आणि मांडीतनं पू यायला लागला. कमलम्मा मला बोलवायला आली, कार्ड घेऊन या म्हणाली. आवारात मराठी लिहिणारा मी एकटा. पण केराबाईनं दुसरा लिहिणारा असता तरी मलाच बोलावलं असतं. तसं ती म्हणाली.

“तुमच्याच हातानं लिवा, मास्तर. अंबूला लिवा, सायबाला विंचू म्या दावला न्हाय. मास्तरांनी तरटातनं बघितला आन त्येनी सांगितला. मास्तरच लिवत्यात म्हणून लिवा. मग म्हणावं येऊन जा.”

मी लिहिलं: ‘चि. सौ. अंबूस आशीर्वाद. तुझ्या आईची प्रकृती ठीक नाही. भेटून जावे.’ कार्डावर जागा भरपूर राहिली. ती म्हणाली, वाचा. मी कार्ड डोळ्यांपुढं धरलं आणि तिनं सांगितलेलं सगळं, शब्दाला शब्द, वाचून दाखवलं. विंचू, तरट, मास्तर, सगळं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. पुन्हा वाचलं. आवाज कापला नाही माझा. कमलम्मा बाजूला उभी होती, तिला तेलुगूशिवाय अक्षर येत नव्हतं.

केराबाईनं डोळे मिटले. “आता ईल ती,” म्हणाली.

कार्ड मी पेटीत टाकलं, फेकून दिलं नाही. तेवढं केलं. बारा दिवस ती वाट बघत होती. छपराचं दार उघडं ठेवायला लावायची आणि फाटकाकडं तोंड करून पडायची. अंबू आली नाही. तेराव्या दिवशी सकाळी कमलम्मा पेज घेऊन गेली तर संपलं होतं.

महिन्यानं अंबू आली. कडेवर वर्षाचं पोर. आवारात कुणाकडं न जाता सरळ माझ्या दाराशी. हातात ते कार्ड होतं, घडी पडून पडून मऊ झालेलं. शेजारच्या मास्तराकडनं वाचून घेतलं म्हणाली. सासऱ्यानं जाऊ दिलं नसतं, पण तिनं खरं म्हणजे विचारलंच नव्हतं. आईनं कार्डात त्या गोष्टीचं काही लिहिलंय का, एवढं तिनं वाचणाऱ्याला दोनदा विचारलं होतं. खोटं असतं तर मरताना तरी आईनं लिहिलं असतं. लिहिलं नाही म्हणून ती आली नाही. पण महिनाभर तिला झोप लागत नव्हती.

“तुमी पुस्तक वाचलंय,” ती म्हणाली. “तुमास्नी ठावं आसंल. आईचं त्ये खरं व्हतं न्हवं?”

तोंड अगदी केराबाईचं. हनुवटीवर तेच तीन ठिपके. मी खोटं होतं म्हटलं असतं तर ही पोर जन्मभर काय घेऊन जगली असती? आई दाराकडं बघत मेली आणि आपण एका लबाडीपायी गेलो नाही, हे घेऊन. तिच्यासाठी म्हणूनच मी खरं काय ते सांगितलं नाही. तुम्हाला पटत नसेल. रोज सकाळी उठल्यावर मलाही पटत नाही, दुपारपर्यंत पटायला लागतं.

मी म्हणालो, “खरं होतं, पोरी.”

तिनं मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. म्हणाली, “बरं झालं सांगितलंसा. म्हंजी मी चुकले न्हाय.” मग पोराला कडेवर तसंच धरून ती वाकली, माझ्या दोन्ही पायांना हात लावला, आणि पोराचाही हात धरून लावला. मी म्हणालो, सुखी राहा.